संकेतस्थळाचे संकेत : वैयक्तिक मुखपृष्ठ या प्रकाराचा उदय आणि लोप

१

‘वेबसाइट’ या शब्दाला मराठीत ‘संकेतस्थळ’ हा पर्याय रूढ झाला. तो योजताना ‘खूण’ किंवा ‘पत्ता’ एवढाच अर्थ अभिप्रेत असला, तरी या शब्दाच्या पोटात दोन जुने अर्थ वास करून आहेत. संस्कृत काव्यशास्त्रात संकेतस्थळ म्हणजे ठरलेल्या भेटीची जागा. अभिसारिका निघते ती या जागेकडे. आणि तेथे पोहोचल्यावर प्रियकर आलाच नाही, तर तीच नायिका ‘विप्रलब्धा’ ठरते. दुसरीकडे, मराठी समीक्षेने ‘संकेत’ हा शब्द साहित्यप्रकाराच्या विचारात रूढ केला आहे. नाट्यसंकेत, काव्यसंकेत, कथनाचे संकेत असे आपण म्हणतो, तेव्हा लेखक आणि वाचक यांच्यात न बोलता ठरलेल्या गोष्टी आपल्याला अभिप्रेत असतात. हे दोन्ही अर्थ वस्तुतः एकच आहेत. संकेत ही लेखक-वाचकांची आगाऊ ठरलेली भेट असते आणि साहित्यप्रकार हे त्या भेटीचे स्थळ असते.

असे असूनही संकेतस्थळांच्या रचनेतील संकेतांचा विचार साहित्यप्रकाराच्या अंगाने मराठीत फारसा झालेला नाही. तो विषय तंत्रज्ञांचा, फार तर जाहिरातकारांचा, अशी समजूत दिसते. या समजुतीमुळे एक महत्त्वाची घटना समीक्षेच्या नजरेतून निसटते. १९९३ ते २००९ या अवघ्या सोळा वर्षांत लेखनाचा एक प्रकार जन्माला आला, लक्षावधी लोकांनी तो हाताळला, त्याचे संकेत स्थिरावले आणि त्याच्या संहितांचा फार मोठा साठा एका दिवसात नष्ट करण्यात आला. हा प्रकार म्हणजे वैयक्तिक मुखपृष्ठ, इंग्रजीत ज्याला ‘पर्सनल होमपेज’ म्हणत. प्रकाराच्या जन्मापासून लोपापर्यंतचा सगळा क्रम इतक्या जवळून आणि इतक्या तारखांनिशी पाहण्याची संधी वाङ्मयेतिहासाला क्वचितच मिळते.

२

प्रकाराकडे पाहण्याची जी दृष्टी येथे उपयोगी पडते, ती केवळ रूपवादी नाही. मिखाईल बाख्तिन यांनी १९५२-५३ च्या सुमारास लिहिलेल्या आणि पुढे १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात समाविष्ट असलेल्या निबंधात उक्तिप्रकारांची कल्पना मांडली. बोलण्याच्या प्रत्येक क्षेत्रात उक्तींची तुलनेने स्थिर रूपे तयार होतात. ती केवळ साहित्यापुरती मर्यादित नसतात. आज्ञा, पत्र, गप्पा यांनाही प्रकार असतो, हे त्यांचे प्रतिपादन. १९८४ साली कॅरोलिन मिलर यांनी ‘प्रकार म्हणजे सामाजिक कृती’ असे सूत्र मांडले. प्रकार हा आकृतिबंधावरून नव्हे, तर पुन:पुन्हा उद्भवणाऱ्या प्रसंगात तो कोणती कृती घडवून आणतो यावरून ओळखावा, असे त्यांचे म्हणणे. १९९२ साली जोअॅन येट्स आणि वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी हीच दृष्टी कचेऱ्यांतील पत्रे आणि टिपणे यांना लावली. आणि १९९८ साली मायकेल शेपर्ड व कॅरोलिन वॉटर्स यांनी संगणकीय प्रकारांच्या बाबतीत आशय आणि रूप यांच्या जोडीला ‘कार्यक्षमता’ हा तिसरा निकष जोडला. पडद्यावरील पान नुसते वाचले जात नाही, त्यावर काही करताही येते, हे त्या निकषाचे मर्म आहे.

मराठी वाचकाला ही दृष्टी परकी वाटू नये. जुन्या पत्रव्यवहारातील ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना काही सांगत नाही. तो नाते प्रस्थापित करतो. मायना कोणता यावरून लिहिणारा आणि वाचणारा यांचे परस्परस्थान ठरते, आणि मगच मजकूर सुरू होतो. मायन्याला निरर्थक अलंकार म्हणणारा अभ्यासक पत्र या प्रकाराचे आकलन गमावून बसतो. संकेतस्थळांच्या बाबतीत बहुतेक इतिहासकारांनी नेमके हेच केले आहे.

३

प्रारंभीच्या संकेतस्थळाला रूप असे जवळजवळ नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत आपला प्रस्ताव मांडला तो संस्थेतील माहिती हरवू नये म्हणून. १९९० मध्ये त्यांनी जो वाचक-कार्यक्रम लिहिला, त्यात वाचणे आणि लिहिणे या दोन्ही क्रिया एकत्र होत्या. पान उघडावे आणि तेथेच ते बदलावे अशी मूळ कल्पना होती. पानाची खूणभाषा मजकुराची अंगे सांगे : हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. अक्षर कसे दिसावे, रंग कोणता असावा, हे वाचकाच्या यंत्रावर सोपविलेले होते. या खुणांमध्ये एक खूण मात्र लक्षणीय आहे. लेखकाचा नामनिर्देश आणि संपर्क देण्यासाठी ‘पत्ता’ अशी स्वतंत्र खूण होती आणि ती बहुधा पानाच्या तळाशी येई. पोथीच्या शेवटी लेखनिकाने आपले नाव, गाव आणि लेखनकाळ नोंदवावा तशी ही पुष्पिका होती. म्हणजे ज्या काळात पानाला रंग नव्हता, चित्र नव्हते, त्या काळातही लिहिणाऱ्याची ओळख हे पानाचे एक अंग मानलेले होते.

१९९३ साल दोन कारणांनी निर्णायक ठरले. ३० एप्रिल रोजी ‘सर्न’ने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणनकेंद्रात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी ‘मोझेक’ हा वाचक-कार्यक्रम लोकांपुढे आणला. मजकुराच्या ओळीतच चित्र दाखविण्याची सोय त्याने लोकप्रिय केली. मात्र लिहिण्याची सोय त्यात नव्हती. मूळ कल्पनेतील वाचक-लेखक येथे दुभंगला. तरीही एक दार उघडे राहिले : कोणत्याही पानामागील खूणभाषा वाचकाला जशीच्या तशी पाहता येई. पुढच्या सगळ्या इतिहासात या दाराचे महत्त्व मोठे आहे.

संकेत कसा घडतो याचे सर्वांत निखळ उदाहरण याच वर्षीचे आहे. बर्नर्स-ली यांचा पहिला कार्यक्रम करड्या छटांच्या पडद्यावर घडला होता; दुवा ओळखू यावा म्हणून त्याखाली रेघ असे. एप्रिल १९९३ च्या ‘मोझेक’मध्ये न पाहिलेला दुवा निळा आणि पाहिलेला दुवा जांभळा अशी मांडणी आली. निळ्याच रंगाला काही तात्त्विक आधार नव्हता. ती केवळ यंत्राची मूळ निवड होय, असे बर्नर्स-ली यांनीही पुढे स्पष्ट केले आहे. परंतु वाचकांच्या सवयीत ही निवड इतकी भिनली की तिने एक जुना संकेत मोडून काढला. हस्तलेखनात आणि टंकलेखनात शब्दाखाली रेघ ओढणे ही भर देण्याची रीत होती. संकेतस्थळावर भर देण्यासाठी शब्द अधोरेखित केला, की वाचक त्यावर टिचकी मारतो आणि काहीच घडत नाही म्हणून बुचकळ्यात पडतो. जांभळा रंग तर याहून अपूर्व आहे. वाचकाने काय वाचले याची नोंद संहितेच्या अंगावरच उमटावी, हे कोणत्याही छापील पुस्तकात घडलेले नव्हते. यादृच्छिक निवड, पुनरावृत्ती, अपेक्षा आणि मग ती अपेक्षा मोडल्यास दोष, या चार पायऱ्यांनी संकेत सिद्ध होतो. भाषेतील चिन्हाची यादृच्छिकता सोस्यूर यांनी दाखविली, तिचा हा पडद्यावरील दाखला म्हणता येईल.

४

‘होमपेज’ या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. आरंभी तो वाचणाऱ्याचा शब्द होता : कार्यक्रम सुरू करताच जे पान उघडते आणि वाट चुकल्यास जेथे परतता येते, ते घर. लवकरच तो लिहिणाऱ्याचा शब्द झाला : एखाद्या स्थळाचे पहिले पान. विद्यापीठांच्या संगणकांवर प्रत्येक विद्यार्थ्याला आणि अध्यापकाला जो स्वतःचा कप्पा मिळे, त्यालाही ‘घर’ म्हणत आणि त्याचा निर्देश नावामागे एक नागमोडी रेघ काढून होई. या कप्प्यातील पान जगाला दाखविण्याची सोय झाली, तेव्हा घर या शब्दाचा तिसरा अर्थ सिद्ध झाला : व्यक्तीचे पान. मराठीने या शब्दासाठी ‘मुखपृष्ठ’ स्वीकारला आणि घराचे रूपक सोडून पुस्तकाचे रूपक घेतले. या निवडीने एक छटा हरवली. मुखपृष्ठ उलटून आत जायचे असते. घरात मात्र यजमान असतो.

१९९४ च्या जानेवारीत स्वार्थमोर महाविद्यालयातील जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने आपले पान सुरू केले आणि त्यात दुव्यांच्या याद्यांबरोबर स्वतःचे आयुष्य मांडले. त्याच वर्षी डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी कॅलिफोर्नियात जो उद्योग सुरू केला, तो १९९५ पासून ‘जिओसिटीज’ या नावाने ओळखला जाऊ लागला. कोणालाही फुकट पान मिळे. परंतु ते एखाद्या आळीत, क्रमांकाच्या जागेवर मिळे. चित्रपटप्रेमींची आळी ‘हॉलिवूड’, संगणकवाल्यांची ‘सिलिकॉन व्हॅली’, शिक्षण-तत्त्वज्ञानाची ‘अथेन्स’, घरसंसाराची ‘हार्टलँड’. लिहिणाऱ्यांना ‘वसाहतकार’ म्हटले जाई. विषयवार वर्गीकरण आणि वस्तीचे रूपक यांची ही सांगड प्रकाराला पोषक ठरली. कारण आळी निवडणे म्हणजेच आपण कोणत्या वाचकासाठी लिहितो हे जाहीर करणे होय.

या पानांचे संकेत कोणी शिकविले नाहीत. आवडलेल्या पानामागील खूणभाषा पाहावी, उतरवून घ्यावी, नाव बदलावे, थोडी भर घालावी, अशा रीतीने ते पसरले. मुद्रणापूर्वीच्या हस्तलिखितांचा प्रसार ज्या मार्गाने होई, त्याच मार्गाने. नकलकाराच्या हातून पाठभेद शिरतात तसे ते येथेही शिरले. आणि तरीही संहितेचे कूळ ओळखू येते. स्वागताची ओळ, नाव व छायाचित्र, छंदांची यादी, आवडत्या स्थळांचे दुवे, अभिप्रायवही, भेटींचा आकडा, शेवटच्या बदलाची तारीख, पत्रासाठी पत्ता आणि ‘काम चालू आहे’ अशी रस्त्यावरची पिवळी पाटी ही या प्रकाराची अंगे होत. १९९५ नंतर ‘नेटस्केप’ने पार्श्वभूमीला चित्र व रंग देण्याची सोय केली, तेव्हा त्यात तारकांकित काळ्या आकाशाची भर पडली. समान आवडीची पाने एकमेकांना साखळीने जोडणाऱ्या ‘वेबरिंग’चाही आरंभ १९९५ चाच.

ही अंगे एकेक करून पाहिली तर बहुतेक उसनी आहेत. अभिप्रायवही संग्रहालयातून आली, पाटी रस्त्यावरून, छंदांची यादी शाळकरी वहीतून. केव्हिन क्राउस्टन आणि मारी विल्यम्स यांनी १००० पाने तपासून जे वर्गीकरण केले, त्यातही जुन्या प्रकारांची पुनरावृत्तीच अधिक आढळली. अँड्र्यू डिलन आणि बार्बरा गुश्रोव्स्की यांनी मात्र २००० साली वैयक्तिक मुखपृष्ठ हाच पहिला खास संगणकीय प्रकार असावा, अशी मांडणी केली. या पानांत प्रत्यक्ष आढळणारी अंगे आणि वाचकांना अपेक्षित असणारी अंगे यांचा मेळ बसतो, हा त्यांचा आधार. या दोन निष्कर्षांत वरवर विरोध दिसतो. परंतु तो मिलर यांच्या सूत्राने सुटतो. अंगे जुनी असली तरी त्यांनी मिळून केलेली कृती नवी आहे. ज्याची कीर्ती नाही, ज्याला संपादक नाही, ज्याच्याकडे कोणी काही मागितलेले नाही, अशा माणसाने पूर्णतः अनोळखी वाचकाचे यजमानपद स्वीकारावे, ही ती कृती. आत्मचरित्राला लेखकाच्या आयुष्याचे काही निमित्त लागते. दैनंदिनीला वाचक चालत नाही. पत्राला वाचक ठाऊक असावा लागतो. वैयक्तिक मुखपृष्ठाला यांपैकी काहीच लागत नाही.

या दृष्टीने ‘काम चालू आहे’ ही पाटी पाहावी. तिची सर्वाधिक टवाळी झाली. संकेतस्थळ नेहमीच अपुरे असते, मग ते सांगावे कशाला, असा आक्षेप होता. परंतु ती पाटी माहिती देत नाही. ती मायन्याचे काम करते. पाहुण्याला पसारा दिसण्यापूर्वीच यजमान ‘सारे अजून लागलेले नाही’ असे म्हणतो, तो हा विनय आहे. भेटींचा आकडा तसाच : अनोळखी वाचक खरोखर येतो याची ती एकमेव खूण होती. अभिप्रायवहीत वाचक आपले नाव लिही, तेव्हा तो पाहुणा होई. कार्यक्षमता या निकषाचा अर्थ येथे पूर्णपणे उलगडतो. कारण आदरातिथ्याची कृती पानावर प्रत्यक्ष घडते, तिचे केवळ वर्णन येत नाही.

५

या प्रकाराच्या लोपाचे कारण सामान्यतः अभिरुचीचा विकास असे दिले जाते. लुकलुकती अक्षरे, भडक पार्श्वभूमी, आपोआप वाजणारे संगीत यांना वाचक कंटाळले आणि व्यावसायिक रचनाकारांनी सुव्यवस्था आणली, असा हा वृत्तांत. त्यात तथ्यांश आहे. लुकलुकणारे अक्षर काही वाचकांना खरोखर अपायकारक असते. दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणाऱ्या यंत्रांना अस्ताव्यस्त खूणभाषेतून वाट काढता येत नाही. मे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हे प्रश्न ठामपणे मांडले, आणि सर्वांना समान रीतीने वाचता येणे हे कोणत्याही रंगीत आकाशापेक्षा मोठे मूल्य आहे, हे मान्यच केले पाहिजे.

तथापि सुव्यवस्थेच्या या विचारात प्रकाराची एक विशिष्ट कल्पना शिरली. वाचक आपला बहुतेक वेळ इतरांच्या स्थळांवर घालवतो, म्हणून तुमचे स्थळ इतरांसारखेच चालावे अशी त्याची अपेक्षा असते, हा जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला नियम प्रसिद्ध आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो वाचताच हान्स रॉबर्ट याउस यांच्या अपेक्षाक्षितिजाची आठवण व्हावी. दोघेही वाचकाच्या पूर्वानुभवातून प्रकार घडतो असे मानतात. परंतु याउस यांच्या दृष्टीने कृती आणि क्षितिज यांतील अंतर हे सौंदर्यमूल्याचे गमक आहे. नील्सन यांच्या दृष्टीने तेच अंतर दोष ठरते. बँकेच्या किंवा रेल्वेच्या स्थळाच्या बाबतीत नील्सन बरोबर आहेत, यात शंका नाही. तिकीट काढणाऱ्याला अपेक्षाभंगाचा आनंद नको असतो. प्रश्न असा की हा निकष एका प्रकारातून उचलून सर्व प्रकारांना लावला गेला. दुकानाचे संकेत घराला लावल्यावर घर गलिच्छ दिसणारच.

दुसरे कारण तंत्रात दडलेले आहे. डिसेंबर १९९६ मध्ये शैलीपत्रकाचा पहिला अधिकृत मसुदा संमत झाला. त्यामागील कल्पना हाकोन व्हियम ली यांनी १९९४ मध्ये मांडली होती. मजकूर एकीकडे आणि त्याचे दृश्यरूप दुसरीकडे ठेवले, की एकच मजकूर वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळ्या रूपात दाखविता येतो. हेतू उदार होता. परंतु आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अभिन्नतेचा प्रश्न ज्या समीक्षेत पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला गेला, तिला या विभागणीचे दूरगामी परिणाम ओळखता यावेत. रूप वेगळे काढता येते म्हटल्यावर ते दुसऱ्याच्या मालकीचेही होऊ शकते. १९९७ च्या अखेरीस जॉर्न बार्गर यांनी ‘वेबलॉग’ हा शब्द वापरला, १९९९ मध्ये त्याचे ‘ब्लॉग’ झाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. लिहिणाऱ्यासमोर आता रिकामी चौकट आली. पानाचा साचा आधीच तयार होता. नवे वर आणि जुने खाली, हा तारखांचा क्रम पानाच्या जागेवर आला. जागेचे रूपक मागे पडून काळाचे रूपक पुढे आले. २००३ साली आलेल्या ‘मायस्पेस’ने सजावटीला काही वाव ठेवला होता, २००४ च्या ‘फेसबुक’ने तोही काढला. सर्वांची पाने निळी-पांढरी, सर्वांचे रकाने तेच. सप्टेंबर २००६ पासून तर पान हे एककच मागे पडले आणि वाचकापुढे अखंड प्रवाह येऊ लागला.

या स्थित्यंतराची जाणीव त्या काळच्या लिहिणाऱ्यांना नव्हती असे नाही. १९९९ च्या जानेवारीत ‘याहू’ने सुमारे साडेतीन अब्ज डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात जिओसिटीज विकत घेण्याचा करार जाहीर केला. आळ्यांचे पत्ते मागे पडले. उन्हाळ्यात नव्या अटी लागू झाल्या, त्यांचा अर्थ पानांवरील मजकुरावर कंपनीचा व्यापक हक्क राहील असा होत होता. तेव्हा अनेक वसाहतकारांनी आपल्या पानांवरील रंग आणि चित्रे काढून टाकली आणि पाने करडी करून त्या अटीच तेथे लावल्या. कंपनीने लवकरच अटी बदलल्या. या निषेधाचे रूप अर्थपूर्ण आहे. या लोकांनी घोषणा दिल्या नाहीत. आपल्या प्रकाराचे संकेत त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवून ठेवले. ज्या रंगांना टीकाकार निरर्थक म्हणत होते, ते काढून घेताच काहीतरी अर्थपूर्ण गेले हे दिसू शकले. संकेताला अर्थ होता याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

६

मराठी वाङ्मयेतिहासात प्रकाराच्या लोपाचे एक परिचित उदाहरण लघुनिबंधाचे आहे. फडके-खांडेकरांच्या पिढीने वाचकाशी गुजगोष्टी करणारा हा प्रकार रुजविला. पुढे त्याची चतुर सुरुवात, लटका विरोधाभास, खेळीमेळीचा शेवट यांचा साचा बनला. आणि साचलेपणाचा आरोप होत होत तो मागे पडला. इरावती कर्वे, दुर्गा भागवत यांच्या ललित लेखनाने त्याच भूमीवर वेगळे पीक काढले. हा आतून आलेला अंत होय. संकेत थकले, लेखकांना ते अपुरे वाटू लागले, त्यांनी नवे घडविले. जुन्या लघुनिबंधांचे संग्रह मात्र ग्रंथालयात राहिले आणि अभ्यासकाला ते आजही काढून वाचता येतात.

वैयक्तिक मुखपृष्ठाचा अंत या जातीचा नाही. त्याचे संकेत थकत होते हे खरे, पण ते बदलण्याचा अधिकार लिहिणाऱ्यांकडून निघून साचा पुरविणाऱ्यांकडे गेला. प्रकाराचे परिवर्तन होण्यासाठी लेखकाच्या हाती रूप असावे लागते. ते हातातून गेल्यावर उरतो तो नमुना, आणि नमुन्याला इतिहास नसतो, फक्त आवृत्त्या असतात. २६ ऑक्टोबर २००९ रोजी ‘याहू’ने अमेरिकेतील जिओसिटीज बंद केली, तेव्हा या प्रकाराच्या संहितांचा सर्वांत मोठा साठा त्याच्या मूळ जागेवरून नाहीसा झाला. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने आणि ‘आर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या गटाने जे वाचविता आले ते वाचविले. सुमारे एक टेराबाइटचा हा अवशेष ओलिया लियालिना आणि ड्रॅगन एस्पेनशीड या कलावंतांनी पुढे अभ्यासाचा विषय केला. लियालिना यांनी त्यापूर्वीच, २००५ साली, या पानांना ‘लोकभाषेतील वेब’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्या नावात प्रकाराची योग्य जागा सुचविलेली आहे. ओव्या रचणाऱ्या स्त्रियांचे शब्द संकलकांनी टिपेपर्यंत वाङ्मय मानले गेले नव्हते, हे मराठी अभ्यासकाला सांगण्याची गरज नसावी.

७

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्या काळात पडद्यावर देवनागरी उमटविण्यासाठी रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसविलेले टंक वापरीत आणि असे टंक एकमेकांशी जुळत नसत. वृत्तपत्रांची स्थळे आपापला टंक वाचकाला उतरवून घ्यायला लावीत. त्यामुळे आपल्याकडील मुखपृष्ठांवर इंग्रजी स्थळांवर न आढळणारा एक संकेत रूढ झाला : ‘मजकूर दिसत नसल्यास येथून टंक घ्या’. वाचकाला आधी लिपी देऊन मग मजकूर देणारा हा मायना होता. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’ने पुढे दिवाळी अंक पडद्यावर आणला, १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या मुद्रित परंपरेचे हे स्थलांतर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. युनिकोड रूढ झाल्यावर टंक देणाऱ्या दुव्याची गरज संपली आणि तो संकेत विसरला गेला.

विसरण्याची किंमत मात्र मोठी आहे. जुन्या टंकांतील जतन केलेले पान आज उघडले, आणि तो टंक हाताशी नसला, तर मराठी वाक्याच्या जागी रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन रांग दिसते. संहिता शाबूत आहे, पण लिपी गेली आहे. मोडी लिपीतील कागद वाचणारे उरले नाहीत म्हणून दप्तरेच्या दप्तरे मुकी होतात, त्याचीच ही वीस-पंचवीस वर्षांत घडलेली आवृत्ती होय. मोडीला निदान शिकविणारे आहेत; बंद पडलेल्या टंकांचे तक्ते जुळवून ते मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम मात्र तुरळक प्रयत्नांच्या पलीकडे जायला हवे.

८

या इतिहासातून समीक्षेपुढे दोन कामे उभी राहतात. पहिले वर्णनाचे. संकेतस्थळाच्या रचनेकडे पाहताना ते सुबक आहे की नाही, हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न असा की या पानावर कोण कोणाला कोणत्या नात्याने भेटतो, आणि कोणत्या संकेतांमुळे ती भेट घडते. दुवा निळा का, तारीख वर का, अभिप्रायवही कोठे गेली, हे प्रश्न मायना कोणता आणि पुष्पिका कोणाची या प्रश्नांच्याच कुळातले आहेत. दुसरे काम जपणुकीचे आहे, आणि ते पहिल्यावर अवलंबून आहे. कारण ज्याला आपण प्रकार मानीत नाही, त्याच्या संहिता आपण जपत नाही. लघुनिबंध साचेबंद झाला असे म्हणणाऱ्या टीकाकाराजवळ लघुनिबंधांचे संग्रह होते. वैयक्तिक मुखपृष्ठाबद्दल निकाल देणाऱ्यांजवळ बहुतेकदा संहिताच नाहीत. ऐकीव टवाळी तेवढी आहे.

मोडलेल्या दुव्यावर टिचकी मारली की पडद्यावर ४०४ हा आकडा येतो : पान सापडत नाही. काव्यशास्त्राने विप्रलब्धेचे जे लक्षण सांगितले आहे, ते वाचकाच्या या अवस्थेला तंतोतंत लागू पडते. तो ठरल्या जागी आला आहे, खूणही बरोबर आहे; भेटणारा मात्र तेथे नाही. फरक एवढाच की या कथेत यजमानाने शब्द मोडलेला नाही. त्याचे घरच पाडले गेले आहे, आणि ते कोणी पाडले याची नोंद ठेवणे हे वाङ्मयेतिहासाचे काम आहे.